सासऱ्यांसाठी एसी घेतला, लेक म्हणते चूक केलीस : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की आपल्या घरखर्चात खाण्यापिण्याचा वाटा कमी होत चाललाय आणि वस्तूंचा वाढतोय. सरकारच्याच पाहणीतले आकडे आहेत, १९९९-२००० साली शहरातलं कुटुंब शंभरातले ४८ रुपये खाण्यावर घालवायचं, २०२२-२३ ला ते ३९ वर आलं, आणि खेड्यात तर ५९ वरून ४६ वर. म्हणजे पोट भरून हातात काहीतरी उरायला लागलंय, आणि ते गाडी, फोन, कपडे, फ्रिज, एसी असं सगळीकडे जातंय. याचा हवेवर, पाण्यावर, जंगलावर काय परिणाम होतो, तुम्हाला काय वाटतं, असं मी शेवटी विचारलं होतं. पत्रं आणि मेसेज भरपूर आले. सगळी घेता येणार नाहीत, पण पाच निवडलीत. पहिल्याचं उत्तर खूप लांबलंय, कारण तोच प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय.

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीला सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. सासरे ७८ वर्षांचे, बीपीच्या गोळ्या चालू. गेल्या एप्रिलमध्ये त्यांना दोन रात्री इतका त्रास झाला की शेवटी आम्ही हप्त्यावर एसी घेतला. माझी मुलगी दहावीत आहे, शाळेत प्रोजेक्ट केल्यापासून ती रोज म्हणते, आई तू पृथ्वी तापवतेस. मला खरंच अपराधी वाटायला लागलंय. आम्ही चूक केली का? (एक शिक्षिका, डोंबिवली)

नाही, चूक केली नाहीत. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. अहमदाबादला मे २०१० मध्ये पारा ४६ च्या वर गेला होता, आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेच्या वर जास्त माणसं दगावली. त्यानंतर २०१३ ला त्या शहराने देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. उष्णता माणूस मारते, आणि आधी म्हातारी माणसं आणि उन्हात राबणारी माणसं मारते. बीपीच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी कमी होतं, त्यात डोंबिवलीची दमट हवा, घाम वाळतच नाही, आणि वर तापलेला स्लॅब रात्री एक वाजेपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. विदर्भात वाळ्याचा कूलर लावून भागतं कारण तिथली हवा कोरडी, तुमच्याकडे कूलर लावलात तर खोली आणखी चिकट होईल. त्यामुळे सासऱ्यांच्या खोलीत एसी ही चैन नाही, हे मुलीला आधी सांगा, तिला पटेल.

पण तिचा प्रश्न खोटा नाहीये, आणि तो झटकून टाकू नका. मी वीस-बावीस वर्षं बिल्डिंगांचं आणि कारखान्यांचं वीज ऑडिट करतेय म्हणून हिशोबच मांडून दाखवते, तो तिच्यासोबत बसून करा.

दीड टनाच्या एसीवर जे स्टारचं लेबल असतं ना, त्यावर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा छापलेला असतो, आणि तो १६०० तास धरून काढलेला असतो. तीन स्टारला साधारण हजाराच्या आसपास, पाच स्टारला आठशेच्या आसपास. तुम्ही मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत रात्री आठ तास लावलात तर होतात आठशे तास, म्हणजे त्याच्या निम्मे, चारशे ते पाचशे युनिट. आपल्या देशात एक युनिट विजेमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची आहे. म्हणजे तुमचा एक उन्हाळा झाला साधारण साडेतीनशे किलोचा, तीन स्टारचा असेल तर. भारतातल्या एका माणसाचं वर्षभराचं सरासरी उत्सर्जन दोन टनांच्या आसपास, त्यात घरातल्या चौघांत हे साडेतीनशे किलो वाटलं तर माणशी नव्वद किलोसुद्धा नाही.

आता हाच एसी २४ वर ठेवलात आणि वर पंखा दोनवर लावलात तर यातही घट होते. ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो की एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, २० वरून २४ वर आणलंत तर चोवीस टक्के. १ जानेवारी २०२० पासून नवीन एसी चालू केला की आपोआप २४ वर येतो तो यासाठीच, पण मी ज्या ज्या घरी जाते तिथे रिमोटवर १८ दिसतं, कारण लोकांना वाटतं १८ लावलं की खोली लवकर गार होते. तसं काही नाही, तो फक्त जास्त वेळ जोरात चालत राहतो.

एवढं झालं विजेचं. पण मला खरं सांगायचंय ते पुढचं आहे, आणि ते लेबलवर कुठेच नसतं.

तीन वर्षांपूर्वी आमच्याच घरचा जुना एसी काढून दुसऱ्या खोलीत लावायचा होता. बोलावलेला माणूस आला, कामाला चपळ, हसतमुख. बाल्कनीत वाकला, आउटडोअर युनिटच्या दोन तांब्याच्या नळ्या असतात त्यातल्या एकीचा नट पान्याने ढिला केला आणि फुस्स आवाज सुरू झाला. पांढरी वाफ निघाली, नळीवर बर्फासारखं दव धरलं, तो चहाचा कप घेऊन शांतपणे उभा. मी आतून धावत आले, म्हटलं अहो काय करताय, तर म्हणे मॅडम गॅस काढतोय, नवीन भरून देतो ना, अडीच हजार होतील. मिनिटभरात सगळं संपलं. मी एवढी वर्षं या कामात असून माझ्या स्वतःच्या बाल्कनीत हे झालं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. मी आधी दोन वाक्यं बोलले असते तर झालं नसतं.

तो एसी जुना होता, त्यात आर-२२ नावाचा गॅस होता, साधारण किलोभर. हा गॅस ओझोनच्या थराला छिद्र पाडतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगभर टप्प्याटप्प्याने बंद होत आलाय. पण तो पृथ्वी तापवतो सुद्धा, आणि किती, तर एक किलो आर-२२ म्हणजे १८१० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. तुमच्या उन्हाळ्याचा हिशोब आठवा, साडेतीनशे किलो. म्हणजे माझ्या बाल्कनीत त्या एका मिनिटात पाच उन्हाळ्यांचा एसी चालून गेला. त्यानंतर आलेला आर-४१० ए तर २०८८ पट. आता नवीन घरगुती एसींत बहुतेक आर-३२ असतो, तो ६७५ पट, म्हणजे आधीच्यांपेक्षा खूप बरा, आणि काही मॉडेल्समध्ये आर-२९० येतो, तो साधा प्रोपेन आहे, त्याचा आकडा अगदी नगण्य. तुमचा एसी गेल्या वर्षीचा आहे म्हणजे बहुतेक आर-३२ असेल, बाजूच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, मुलीला बघायला सांगा.

आणि एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवा, एसीतला गॅस खर्च होत नाही. गाडीतल्या पेट्रोलसारखा तो जळत नाही, बंद नळीत फिरत असतो, फ्रिजमध्ये फिरतो तसाच. आपण फ्रिजमध्ये दरवर्षी गॅस भरतो का? मग एसीत दर उन्हाळ्याला 'गॅस कमी झालाय, भरावा लागेल' असं कोणी सांगितलं तर समजायचं की कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलात तर तो गॅससुद्धा जून-जुलैपर्यंत हवेत. जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघायचं, नाहीतर नायट्रोजनचं प्रेशर देऊन बघायचं, गळती बंद करायची, मग भरायचं. घर बदलताना किंवा एसी हलवताना कारागीर आला की पहिलं वाक्य हे बोला : 'पंप डाउन करूनच काढा.' म्हणजे मशीन चालू ठेवून सगळा गॅस आउटडोअर युनिटमध्ये गोळा करायचा, वॉल्व्ह बंद करायचे, मग नळ्या सोडायच्या. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, मशीन चालू स्थितीत असलं की होतं, चांगल्या कारागिराला येतंच, आपण मागत नाही म्हणून तो करत नाही. आणि आर-३२ थोडा ज्वालाग्राही आहे, तो बंद खोलीत असा सोडणं तसंही बरं नाही.

हे सगळं मी एवढं लांबवून का सांगतेय, तर आपल्या देशात आता वर्षाला एक कोटीच्या वर एसी विकले जातायत, आणि तरी अजून बहुतेक घरांत एसी नाहीये. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ ला अंदाज केला होता की जगात तेव्हा १६० कोटी एसी होते, २०५० पर्यंत ५६० कोटी होतील, आणि यातली मोठी वाढ भारत, चीन, इंडोनेशिया इथली. रवांडातल्या किगाली इथे २०१६ ला जगाने ठरवलं की आर-४१० ए, आर-३२ सारखे गॅस कमी करत आणायचे, भारताने २०२१ ला त्याला मंजुरी दिली, आपली कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जायची आहे. तोपर्यंत जे कोट्यवधी एसी भिंतींवर चढतील त्यातला गॅस गोळा करायच्या बाटलीत जाणार का बाल्कनीत, हे ठरवणारा माणूस कुठल्या परिषदेत बसलेला नाहीये, तो पाना घेऊन तुमच्या दारात उभा असतो आणि त्याला ट्रेनिंग, बाटली आणि त्या जास्तीच्या वेळेचे पैसे कोणीतरी द्यायला हवेत. मी तर म्हणते आपणच शंभर-दोनशे रुपये जास्त द्यावेत.

आणखी एक, तुमच्या गच्चीला सोसायटीला सांगून पांढरा उष्णतारोधक रंग लावून घ्या. वरच्या मजल्याला त्याचा फरक हाताला जाणवतो, आणि मग एसी कदाचित रात्री दोनला बंदही करता येईल. तेवढंच आउटडोअर युनिटचं तोंड बघा. ते जी गरम हवा बाहेर फेकतं ती कोणाच्या तरी खिडकीत जाते. मी एका ठिकाणी बघितलंय, अरुंद बोळ, एका बाजूला नवीन टॉवरचे अकरा आउटडोअर, समोर बैठी चाळ, आणि चाळीतल्या बायकांनी भर मे महिन्यात त्या बाजूच्या खिडक्यांना गोणपाट ठोकलेलं.

प्रश्न : अमेरिका, युरोपने दीडशे वर्षं धूर सोडला, मजा केली. आता आपल्या घरात कुठे दोन पैसे आले, माझ्या वडिलांनी हयातभर यंत्रमागावर काम केलं, आता आम्ही जरा नीट राहायला लागलो तर लगेच पर्यावरण आठवलं सगळ्यांना. हा ढोंगीपणा नाही का? (एक वाचक, इचलकरंजी)

तुमच्या रागाशी मी सहमत आहे, अगदी मनापासून. अमेरिकेत माणशी वर्षाला साधारण १४ टन कार्बन डायऑक्साइड, आपल्याकडे दोन, जगाची सरासरी पावणेपाचच्या आसपास. जगातल्या सगळ्यात श्रीमंत दहा टक्के लोकांकडून जवळजवळ निम्मं उत्सर्जन होतं. यंत्रमागावर कान बधिर करून घेतलेल्या माणसाच्या घरी फ्रिज आला तर त्याला कोणी उपदेश करू नये.

पण माझं एक म्हणणं ऐका. धूर हा नुसता अमेरिकेचा आणि आपला हिशोब नाहीये, तो आपल्या आपल्यातलाही आहे. ३० मे २०२४ ला देशात विजेची मागणी अडीच लाख मेगावॅटला टेकली, तोवरचा उच्चांक, आणि उन्हाळ्यात आता रात्री अकरालाही मागणी उतरत नाही कारण बेडरूमचे एसी चालू असतात. तेव्हा सूर्य नसतो, सोलर बंद, म्हणजे ती वीज मुख्यतः कोळशाची. आपल्या राज्यात ती कुठे तयार होते? चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या अतिप्रदूषित भागांची यादी काढली त्यात चंद्रपूर होतं. मी कामानिमित्त तिथे राहिलेय, सकाळी गच्चीवर वाळत घातलेली पांढरी चादर संध्याकाळी झटकली की हाताला काळं लागायचं. ज्या घरी मी राहिले त्या मावशी पापड, कुरडया कधी उघड्यावर घालत नव्हत्या, वर जुनी ओढणी ताणून बांधायच्या. आणि तिथला उन्हाळा ४५-४६ चा. गारवा पुण्या-मुंबईच्या बेडरूममध्ये, राख त्यांच्या पापडांवर. अमेरिकेला जे आपण विचारतो तेच चंद्रपूरचा माणूस आपल्याला विचारू शकतो, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाहीये.

म्हणून मला वाटतं प्रश्न 'घ्यायचं का नाही' असा टाकला की आपण अडकतो. घ्या की. पण त्यांनी ज्या वाटेने घेतलं त्याच वाटेने घ्यायची गरज नाही. बल्बचंच बघा. २०१५ ला उजाला योजना आली, सरकारने एकदम कोट्यवधी एलईडी बल्बांची खरेदी काढली, आणि वर्षभर आधी ज्या बल्बची खरेदी किंमत तीनशेच्या वर होती तो टप्प्याटप्प्याने चाळीसच्या आत आला. छत्तीस कोटींच्या वर बल्ब वाटले गेले. उजेड कमी केला का आपण? उलट वाढला. साधा पंखा ७५ वॉट घेतो, कमी विजेच्या मोटरचा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास, वारा तोच. इचलकरंजीत पंखे दिवसभर फिरतात, तीन पंखे बदलले तर वीजबिलातूनच दोन-तीन वर्षांत पैसे वसूल होतात. आपल्याकडे अजून घरं बांधायची आहेत, मेट्रो व्हायच्या आहेत, मशीनं यायची आहेत, म्हणजे चूक अजून करायची राहिलीय. पाश्चात्त्य देशांना ही संधी मिळाली नव्हती, आपल्याला मिळालीय, आणि ती मी दया म्हणून नाही, आपला फायदा म्हणून बघते.

प्रश्न : बाबा पुढच्या महिन्यात रिटायर होतायत. आयुष्यभर स्कूटरवर गेले, आता फंडाच्या पैशातून त्यांना मोठी एसयूव्ही घ्यायचीय. मी आणि बहीण पर्यावरणवाले, पण त्यांना नाही कसं म्हणायचं? (वय २६, पुणे)

नाही म्हणू नकोस रे. ज्या माणसाने पस्तीस पावसाळे रेनकोट घालून ऑफिस गाठलं, मागे बायको, पुढे उभं पोर, त्याला एकदा काच बंद करून पावसात जायचंय. देशात २०१९-२१ च्या पाहणीत शंभरातल्या साडेसात घरांतच कार होती. तुझे बाबा गर्दी करत नाहीयेत, ते रांगेत खूप मागून आलेत.

फक्त आकाराबद्दल बोल, आणि ते कागदावर बोल, बाबा लोकांना कागद आवडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. वर्षाला आठ हजार किलोमीटर धरले तर लिटरला वीस देणारी छोटी गाडी ४०० लिटर पिते, बारा देणारी मोठी गाडी साडेसहाशेच्या वर. म्हणजे सव्वानऊशे किलो विरुद्ध पंधराशे किलो, आणि जास्तीच्या अडीचशे लिटरच्या वर पेट्रोलचे पैसे दरवर्षी पेन्शनमधून. सात सीट वर्षातून किती दिवस भरतात ते त्यांनाच मोजायला सांग, गावच्या जत्रेला आणि लग्नाला भाड्याने गाडी करता येते.

पुण्याचं दुखणं तर वेगळंच आहे, २०१८ मध्येच इथल्या गाड्यांची संख्या माणसांच्या संख्येच्या पुढे गेल्याचं जाहीर झालं होतं. शांघायने १९९४ पासून नंबर प्लेटचा लिलाव लावला, बीजिंगने २०११ पासून लॉटरी काढली, म्हणजे पैसे असूनही गाडी मिळेलच असं नाही. तसं आपल्याकडे व्हावं असं मी म्हणत नाही, पण तिथे सोबत मेट्रो प्रचंड वाढवली, आणि तो अर्धा भाग आपण विसरतो. आपल्या पीएमपी बसच्या स्टॉपवर पंचवीस मिनिटं उभं राहिल्यावर ज्याच्याकडे पैसे आहेत तो गाडी घेणारच. तू आणि बहीण बाबांशी भांडण्यात जी ताकद घालवताय ती नगरसेवकाला बसच्या फेऱ्यांबद्दल पत्र लिहिण्यात घाला, खरंच सांगते. आणि बाबांना पहिल्या दिवशी गाडीत बसवून एखादा छान लांबचा फेरफटका घडवा.

प्रश्न : आम्ही तीन पिढ्या बडोद्याला. दिवाळीचा फराळ आता घरी कमी, बाहेरून जास्त येतो. पाकिटावर 'पामोलिन तेल' असतं. ऐकलंय की यामुळे तिकडे जंगलं जळतात. मग कुठलं तेल वापरायचं? (एक आजी, बडोदा)

आजी, ऐकलंत ते खरं आहे. पामोलिन हा पाम तेलाचाच पातळ भाग. पाम तेलाचं पंचाऐंशी टक्क्यांच्या आसपास उत्पादन इंडोनेशिया आणि मलेशियात होतं, आणि सगळ्यात जास्त आयात आपला देश करतो, वर्षाला साधारण पाऊण ते एक कोटी टन. इंडोनेशियाच्या सुमात्रा आणि कालिमांतान भागांत झाडं तोडून, खालची दलदलीची जमीन वाळवून पामच्या बागा लावल्या. ती जमीन म्हणजे हजारो वर्षांचा कुजलेला पाला, वाळली की सरपणासारखी पेटते आणि जमिनीच्या आत धुमसत राहते, वरून पाणी मारून विझत नाही. २०१५ ला असा वणवा लागला की धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत गेला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

आपलं पाकीट आणि तो वणवा यांचा संबंध साधा आहे. घरी चकली तळायला आई वर्षाला दोन-चारदा कढई चढवायची, आता चिवडा, शेव, बिस्किटं, नूडल्स, केक बारा महिने घरात, आणि कंपनीला स्वस्त, लवकर न खवटणारं, बिस्किट-केकसाठी खोलीच्या तापमानाला घट्टसर राहणारं तेल हवं असतं, ते पामच. साबणातही तेच असतं.

पण 'पाम बंद, सोयाबीन चालू' हे उत्तर नाही, ही गोष्ट बरेच लोक विसरतात. पामला हेक्टरी तीन-चार टन तेल येतं, सोयाबीनला अर्धा टन. तेवढंच तेल दुसऱ्या पिकातून काढायचं तर कितीतरी जास्त जमीन लागेल, आणि ती ब्राझीलमध्ये जंगल तोडूनच मिळेल. मग उरतं तेल कमी खाणं. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात आपला माणशी खप वर्षाला १९.७ किलो दिलाय, वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस बाराची. चार माणसांच्या घरात महिन्याला चार किलोच्या आत तेल बसवायचं, पाकिटातलं धरून. करून बघा, सोपं नाहीये, मला स्वतःला सहा महिने लागले. दिवाळीचा फराळ मात्र खुशाल करा, शेंगदाण्याच्या तेलात, घरी, नातवंडांना सोऱ्या फिरवायला लावून. दोष दिवाळीच्या चार दिवसांचा नाही, उरलेल्या ३६१ चा आहे.

प्रश्न : पंधरा वर्षांचा फ्रिज बंद पडलाय. दुकानदार एक्स्चेंजला हजार देतो, भंगारवाला बाराशे. कोणाला देऊ? आणि दुरुस्त करून वापरू का? (नाशिक)

आधी बिघाड काय ते बघा. दाराचं रबर, थर्मोस्टॅट, रिले असलं काही असेल तर दुरुस्त करा, पाच-सातशेत होतं. कॉम्प्रेसर गेला असेल तर पंधरा वर्षांच्या फ्रिजवर पाच-सहा हजार घालू नका, तो तसाही आताच्या चांगल्या स्टारच्या फ्रिजपेक्षा बरीच जास्त वीज खात असणार, आणि फ्रिज चोवीस तास चालू असतो.

देताना दोनशे रुपयांवर बघू नका. जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला जेमतेम २२ टक्के नीट गोळा झाल्याची नोंद आहे, आणि ई-कचऱ्यात चीन, अमेरिकेनंतर आपला नंबर. भंगारवाल्याला मी वाईट म्हणत नाही, आपल्या शहरांतलं सगळं लोखंड, तांबं, कागद त्याच्याच हातून वाचतं. पण फ्रिजमध्ये त्याला हवा असतो कॉम्प्रेसर आणि तांब्याची नळी, आणि ती तो कटरने कापतो, कापली की आतला गॅस गेला, तेल मातीत. १ एप्रिल २०२३ पासून जे ई-कचऱ्याचे नियम लागू आहेत त्यात जुन्या मालाचं नोंदणीकृत रिसायकलरकडून रिसायकलिंग करून घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर टाकलीय. त्यामुळे कंपनीच्या ग्राहक सेवेच्या नंबरवर फोन करा, 'जुना फ्रिज द्यायचाय, तुमच्या नोंदणी झालेल्या रिसायकलरला पाठवा' असं सांगा, पावती मागा. दुकानदाराला दिलात तर त्यालाही विचारा तो पुढे कुठे देतो. तो गडबडला तर समजा भंगारवाल्याकडेच जाणार.

कंपनीचा माणूस यायला चार-आठ दिवस लागतील. तोपर्यंत फ्रिज उभाच ठेवा, आडवा करू नका, आणि मागची काळी जाळी मुलांना हात लावू देऊ नका. घरी लहान मूल असेल तर दार काढून ठेवा, बंद फ्रिजच्या आत मुलं लपून बसतात.